पाव्हणीला सरकारी गोळ्या नकोत

आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं त्याच्याच खाटेच्या कडेला बसून त्याच्यासाठी आणलेली केळी सोलून खातात, हे मला बघवत नाही. मी तसं तोंडावर बोलते, आणि माझ्या सासरी त्याला फटकळपणा म्हणतात. म्हणू द्या. माझ्या माहेरी, नांदूरघाटला, एका परक्या मुलीच्या खाटेभोवती मी हे केळी खाणं बघितलंय, आणि त्याची किळस इतक्या वर्षांत गेलेली नाही.

मुलगी जर्मनीची होती. तिकडच्या विद्यापीठात मराठी शिकत होती. असलं काही तिकडं शिकवतात हे माझ्या वडिलांना, आप्पांना, कितीतरी दिवस खोटंच वाटत होतं. माझ्या प्राध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तकातली मराठी हिला येते. माणसांतली यायची आहे. पुण्यात राहिली तर सगळे इंग्रजीच बोलतील तिच्याशी. तुमच्या घरी ठेवाल का काही महिने?" मी नुकतीच एम.ए. झाले होते आणि गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर मराठी शिकवत होते. आमच्या खानदानात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, पोरीबाळींची तर बातच सोडा. माझ्या एम.ए.च्या वर्गात शहरातली, मास्तर-वकिलांची मुलं होती. त्यांना सोडून सरांनी मला विचारलं. मला अभिमान वाटला. अजूनही वाटतो, लपवायचं काय त्यात?

आमचं किराणा दुकान खाली, घर मागं आणि वर एक खोली. पूर्वी त्या खोलीत गुळाच्या ढेपा ठेवायचे. ती खोली आईनं सारवून, चुना मारून तिला दिली. तरी गुळाचा वास काही गेला नाही आणि माश्याही गेल्या नाहीत. ती मुलगी मात्र खूश होती. सकाळी माझ्यासोबत वाचायची, दुपारी आईजवळ बसून भाकरी थापायला शिकायची, आणि संध्याकाळी आप्पांच्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायची. महिन्याभरात ती गिऱ्हाइकाला "कावून उशीर केलाव आज?" असं विचारायला लागली. लोक मीठ घ्यायचं विसरून हसत उभे राहायचे. मला "ताई" म्हणायची, आईला "आई".

त्या वर्षांत गावात सगळंच नवं येत होतं. बाजारतळावर एसटीडीचा पिवळा बूथ आला. छपरांवर डिशच्या छत्र्या आल्या. आप्पांच्या दुकानात गोळीसोडा गेला आणि परदेशी कंपनीच्या काळ्या पाण्याच्या बाटल्या आल्या. आणि त्यांच्याबरोबर लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: बाहेरचं ते चांगलं, पैसे देऊन मिळतं ते त्याहून चांगलं, आणि सरकारी ते भिकार.

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत गावच्या पुढाऱ्याची इंग्लिश मिडियम शाळा उभी राहत होती. भिंतींवर पाणी मारायला बांधलेला भलामोठा हौद उघडाच होता. पाऊस सरता सरता त्या पाण्यात डासांच्या अळ्या इतक्या वळवळत होत्या, की वरून बघितलं तर पाणीच हलतंय असं वाटायचं. मी दोनदा सांगून आले, हौद झाका म्हणून. मुकादम म्हणाला, "म्याडम, पाणी हाय ते, किडं पडणारच की."

तिला ताप आला तो दुपारी. आईजवळ बसली होती, उठून उन्हात गेली आणि दात वाजायला लागले. आम्ही तिच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, तरी खाट खडखडत होती. मग अंगाची भट्टी झाली. मग असा घाम सुटला की गादी पिळून काढावी. संध्याकाळी उठून बसली, ओशाळून हसली आणि म्हणाली, "आई, मी तुमची गोधडी घाण केली." दुसऱ्या दिवशी ठणठणीत होती. दोन भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, पुन्हा तेच.

"तिजारी हाय," आई म्हणाली. एक दिवस आड येणाऱ्या हिवतापाला आमच्याकडं तिजारी म्हणतात. तिनं कपाळाला विभूती लावली, पण मला बाजूला घेऊन म्हणाली, "जा, सिस्टरकडून गोळ्या घिऊन ये."

आमच्या गावात थंडी वाजून ताप आला की लहान पोरालाही काय करायचं ते माहीत होतं. सरकारी आरोग्य उपकेंद्रात जायचं, बोटाला टोचून काचेवर रक्त द्यायचं, आणि सिस्टर पत्र्याच्या डब्यातून काढून देईल त्या पांढऱ्या गोळ्या घ्यायच्या. जहर कडू. फुकट. मी स्वतः शाळेत असताना घेतलेल्या होत्या. सिस्टरनं कागदात बांधून गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "रिकाम्या पोटी देऊ नका. मी येते सकाळी रक्त घ्यायला."

मी पुडी घेऊन दुकानातून वर चालले तर आप्पांनी हटकलं.

"काय हाय ते?"

"गोळ्या. सिस्टरनं दिल्यात."

आप्पांनी तराजू खाली ठेवला. "सरकारी?"

"हां."

"येडी हाईस का तू? ऊसतोडीवाल्याला देत्यात त्या. ती पोरगी सात समुद्र वलांडून आपल्या घरी आली हाय. उद्या तिचे मायबाप म्हणतील, आमच्या लेकीला फुकटाच्या गोळ्यांवर ठिवलं. आपली काय इज्जत राहील?"

"आप्पा, ताप इज्जत बघून येत नाही."

"तू शिकलीस म्हणून माझ्या घरची रीत मला शिकवू नको." त्यांनी पुडी माझ्या हातातून घेतली आणि गल्ल्यात टाकली. "डॉक्टरला निरोप धाडलाय म्या."

आप्पा दुष्ट नव्हते. ती रात्री पाणी मागेल म्हणून ते जिन्याच्या पायथ्याशी अंथरूण टाकून झोपत होते. पण पाहुणीला फुकटचं औषध देणं म्हणजे तिला शिळं वाढणं, या समजुतीतून त्यांना कुणी बाहेर काढू शकलं असतं असं मला वाटत नाही.

डॉक्टर म्हणजे पुढाऱ्याचा मेव्हणा. त्यानं नुकताच चार खाटांचा दवाखाना टाकला होता. तो आला तो पुढाऱ्याला घेऊनच आला, आणि पुढाऱ्यामागं दहा माणसं. सगळे चपला घालून आईनं सारवलेल्या खोलीत. डॉक्टरनं नाडी धरली, जीभ बघितली आणि म्हणाला, "व्हायरल हाय. अशक्तपणा लई आलाय. बाटल्या लावू."

मुलगी उशीवरून मान उचलून सावकाश म्हणाली, "डॉक्टर, मला वाटतं हा मलेरिया आहे. कृपया रक्त तपासा."

डॉक्टर हसला. "मलेरिया? अहो म्याडम, मलेरिया गोरगरिबाला होतो. तुमी तर बाटलीचं पाणी पिता."

दहाही माणसं हसली. मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डास काय घरची परिस्थिती विचारून चावतात का?"

पुढाऱ्यानं माझ्याकडं न बघता आप्पांना विचारलं, "पोरीचं लगीन कवा करायलाव, आप्पा?"

पूर्वी ढेपा जोखायला खोलीत तराजू टांगायचे, त्या आकड्याला सलाईनची बाटली लागली. आणि मग जत्रा सुरू झाली.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं हे देवदर्शनासारखं असतं. गेलं नाही तर वर्षभर टोमणे. त्यात ही गोरी, आणि तिला बाटली लावलेली. बाटली लावली म्हणजे आजार मोठा, आणि आजार मोठा म्हणजे जाणं आलंच. बायका खाटेवर बसायच्या, तिचे केस हातात घेऊन बघायच्या, "सोन्यावानी हायेत ग बया" म्हणायच्या. ती थंडीनं कुडकुडत असायची आणि त्या विचारायच्या, "तुज्यात हुंडा देत्यात का?" ती बादलीत ओकायची तेव्हा एकजण बादलीत वाकून बघायची आणि बाकीच्यांना सांगायची, "पिवळं हाय." बिस्किटाचे पुडे, ग्लुकोजचे डबे, मोसंबी, केळी यायची. केळी तिथंच संपायची. साली खाटेखाली, सालींवर माश्या, तिथून उठून त्या माश्या तिच्या ओठांवर. मी हाकलत होते. माश्या गेल्या, माणसं नाही गेली.

सिस्टर रक्त घ्यायला आली तर आप्पांनी दारातूनच चहा पाजून परत लावली. "डॉक्टरचं चालू हाय, बाई." ती बिचारी काय करणार? गेली.

मी त्या मुलीला स्पष्ट विचारलं, "गोळ्या आणून देते, गुपचूप घेशील?" ती म्हणाली, "आप्पांना वाईट वाटेल. मी त्यांच्या घरात आहे." कुणी शिकवलं होतं तिला हे? आम्हीच. पाहुण्यानं घरधन्याचं मन मोडू नये, हा धडा मीच तिला समजावून सांगितला होता, आणि तिनं तो असा पाठ केला होता.

डॉक्टरच्या बाटल्यांनी एवढंच व्हायचं की घाम सुटून ताप उतरायचा, आणि तो तर बाटलीशिवायही उतरायचाच. पण उतरला की डॉक्टर म्हणायचा, "बघा, गुण आला." एकाआड एक दिवस ती बरी दिसायची. त्यावरून पुढाऱ्याच्या डोक्यात जे शिजलं, त्यासारखं ओंगळ मी दुसरं काही बघितलं नाही.

त्याला शाळेचं उद्घाटन तिच्या हस्ते करायचं होतं. इंग्लिश मिडियमची शाळा आणि परदेशातली पाहुणी. पत्रिका छापायच्या होत्या. तो आमच्या दुकानात बसला, पोरं भोवती, आणि बोटांवर मोजायला लागला. "आज ताप. उद्या न्हाई. परवा ताप. मंग पुढल्या मंगळवारी पाळी येती का?"

"न्हाई आण्णा, मंगळवारी आडदिवस हाय," कुणीतरी म्हणालं.

"मंग मंगळवार धरा."

मी पोत्यांच्या थप्पीजवळ उभी होते. मी म्हणाले, "आण्णा, तुम्ही पाळी मोजताय. म्हणजे ही तिजारी आहे हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग तिजारीच्या गोळ्या का देऊ देत नाही?"

तो माझ्याकडं बघून अगदी मायेनं हसला. "म्याडम, डॉक्टर आमचा मेव्हणा हाय. त्याच्या हाताखाली पाव्हणी बरी झाली, हे गावाला दिसाया पायजे का न्हाई? सरकारी गोळीनं झाली तर त्याच्या दवाखान्यात कोण जाईल?"

त्यानं हे सगळ्यांसमोर म्हटलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. एकानं मान डोलावली. आप्पा शेंगदाणे जोखत राहिले.

त्यानंतर तापानं पाळी सोडली. आडदिवस राहिलाच नाही. ती पिवळी पडली, डोळे खोल गेले, आणि तापात ती तिच्या भाषेत बोलायला लागली. आई दारात उभी राहून ऐकायची आणि पदरानं तोंड झाकायची. मी पुढाऱ्याकडं गेले, जीप मागितली. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणाले. एसटीत तिला बसवत नव्हतं, मान धरत नव्हती.

"मंगळवारपर्यंत दम काढा," तो म्हणाला. "उद्घाटनाच्या आधी पाव्हणी गावातून उचलून न्यायची म्हणजे लोकं काय म्हणतील? डॉक्टर दोन बाटल्या जादा लावंल."

मी घरी आले. वर गेले. ती शुद्धीवर होती. माझा हात तिनं धरला नाही, नुसती बघत होती. म्हणाली, "ताई, मी इथे मरेन का?"

मी तिला अनेक वाक्यं करायला शिकवली होती. हे मी शिकवलेलं नव्हतं.

मी खाली आले. दुकानात गर्दी होती, बाजाराचा दिवस. मी गिऱ्हाइकांना बाजूला सारून गल्ल्यापर्यंत गेले. आप्पा म्हणाले, "काय पायजे?" मी गल्ला उघडला आणि पुडी काढली.

"लोकं बघायलेत," आप्पा हळू म्हणाले.

"बघू द्या. ती मेली तर त्यांना बघायला आणखी मिळेल."

आप्पांचा हात वर आला. मला वाटलं मारणार. त्यांनी तो हात माझ्या मनगटावर ठेवला आणि सोडला. मग शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुला काय पायजे होतं रं?"

आईनं भाताची पेज करून आणली. पहिल्या गोळ्या ओकून पडल्या. पुन्हा दिल्या. मी तिचं नाक धरून, पाठ चोळून त्या पोटात ठेवल्या. आईनं मागच्या दारानं सिस्टरला बोलावून घेतलं. तिनं रक्त घेतलं आणि पुढच्या गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. डॉक्टरचा कंपाउंडर बाटली घेऊन आला तेव्हा मी जिन्यात उभी राहिले. "आज बाटली नाही."

"आण्णांनी सांगितलंय."

"आण्णांना लाव मग."

जिन्याखाली चार बायका केळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही मी घरी लावलं. एकीनं जाता जाता ऐकवलं, "शिकली म्हणून मानूसकी इसरली." मी वरून ओरडून सांगितलं, "हां, इसरले."

पुढची थंडी आली ती निम्मीच आली. त्यानंतर आली नाही. तिला भूक लागली, आणि आईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं नाक शिंकरून रडून घेतलं.

मंगळवारी उद्घाटन झालंच. मी तिला जाऊ नको म्हणत होते. ती म्हणाली, "मला जायचं आहे. मला बोलायचं आहे." चिंचोळा चेहरा, आईची इरकल साडी, खांद्यावरून सारखी घसरणारी. मांडव हौदाच्या शेजारीच घातला होता. फीत कापली, नारळ फुटला. मग सत्कार सुरू झाले, आणि पहिला सत्कार डॉक्टरचा. शाल, श्रीफळ, हार. पुढारी माईकवर म्हणाला, "आपल्या पाव्हण्या मरणाच्या दारातून परत आणल्या, तेबी आपल्याच गावात, आपल्याच दवाखान्यात. पुण्या-मुंबईला जायाची गरज पडली न्हाई. आता इथं आप्रेशनंबी होतील." टाळ्या. डॉक्टरनं छातीवर हात ठेवून मान लववली. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, एवढं मी बघितलं.

मग पुढारी तिला म्हणाला, "दोन शब्द बोला. इंग्लिशमधून बोला, म्हणजे पालकांना कळंल शाळा कशी हाय ते."

ती माईकसमोर उभी राहिली आणि मराठीत बोलली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"नमस्कार. मी इथे आजारी पडले. मला मलेरिया झाला होता."

टाळ्यांचा कडकडाट. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"डॉक्टरांनी मला सलाईन लावलं. सलाईननं मी बरी झाले नाही."

आणखी टाळ्या. माझ्या मागं बसलेली बाई म्हणाली, "किती ग्वाड बोलती ग!"

"सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी मी बरी झाले. त्या फुकट मिळतात. तुम्ही त्या घ्या. आणि हा हौद झाका. यात डास आहेत."

तिनं हौदाकडं बोट केलं. सगळ्यांनी तिच्या बोटाकडं बघितलं, लांब गोऱ्या बोटाकडं, आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. डॉक्टर टाळ्या वाजवत होता. गळ्यात हार, मांडीवर नारळ, आणि दोन्ही हातांनी टाळ्या. मला वाटलं त्याला ऐकू आलं नसेल. पण तो माझ्यापासून चार हातांवर होता, त्याला सगळं ऐकू आलं होतं. त्याला एवढंही कळलं होतं की बाकी कुणी ऐकलेलं नाही.

पुढाऱ्यानं माईक घेतला. "बघा! परदेशातल्या बाई आपली भाषा बोलायल्यात! मंग आपल्या पोरांनी इंग्लिश कावून बोलू न्हाई?"

आम्ही घरी निघालो. वाटेत माणसं थांबवून तिला नमस्कार करत होती, "लई भारी बोललाव म्याडम" म्हणत होती. ती प्रत्येकाला हात जोडत होती. आमच्या दारात आल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का? मी नीट वाक्यं केली नव्हती?"

"एकही अक्षर चुकलं नाही तुझं."

"मग?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिला समजावून सांगायची मला लाज वाटली. माझी लाज नव्हे, माझ्या गावाची. तिचे आणखी दोन महिने बाकी होते. आईशी तिनं वेळाअमावस्येपर्यंत राहायचं ठरवलं होतं, त्या सणाला दोघी शेतात पूजेला जाणार होत्या. पण हौद उघडाच राहणार होता, आणि पुन्हा ताप आला तर पुन्हा बाटल्याच लागणार होत्या. उरलेल्या गोळ्यांची पुडी मी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू उद्याच्या गाडीनं पुण्याला जा."

"तुम्ही मला घालवताय?"

"हो," मी म्हणाले, आणि वर जाऊन तिची बॅग भरायला घेतली.